सत्तेचाळीस नंबरची पिशवी

पहाटे 5.40

कोपरखैरणे. चौथा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्यांत चौघी राहतात. भाडं प्रत्येकी 6,500, वीजबिल वेगळं. बाकीच्या तिघी झोपलेल्या असतात म्हणून चौथी गजर उशीखाली ठेवते. पोळ्या रात्रीच करून ठेवलेल्या. डब्यात पोळ्या, बटाट्याची भाजी आणि जवसाची चटणी. चटणी नागपूरहून आलेली. विदर्भ एक्सप्रेसने कोणी ओळखीचं निघालं की आई डबा सोबत देते.

घर नागपुरात हुडकेश्वरला. वडिलांची पिठाची चक्की आहे. हिने नागपूर विद्यापीठातून बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. केली, मग दोन वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये 11 हजारांवर काढली. आता नवी मुंबईत कॅन्सरच्या औषधाच्या एका कंपनीत तिसरं वर्ष. वय 27. स्वतःचं नाव छापायचं नाही आणि कंपनीचंही नाही, या दोन अटींवर तिने मला दिवसभर सोबत येऊ दिलं.

6.40

शेअर रिक्षा, महापे. वीस रुपये. मागे तिघं, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला एक लटकलेला. पावसाळ्यात हेच अंतर चाळीस मिनिटं खातं, आज बारा मिनिटांत पोचलो. पाळी सात ते साडेतीन. ‘साडेतीनला पाळी संपते, काम संपत नाही,’ ती म्हणाली. जादा वेळेचे पैसे नाहीत, बदली सुट्टी मिळते. ती घ्यायला कोणाला वेळ असतो, हे मी विचारलं नाही.

7.05

घड्याळ, अंगठी, मोबाईल लॉकरमध्ये. केस टोपीत, पायात निळे कव्हर, वर गाऊन, हातमोज्यांच्या दोन जोड्या. मलाही तेच घातलं. जिथे सेल्स वाढवतात त्या आतल्या खोल्यांत मला प्रवेश नाही. काच होती, तिच्यातून बघायचं. हिचं काम काचेच्या अलीकडे. क्यूसी. म्हणजे आतून जे बाहेर येतं ते माणसाला देण्याजोगं आहे की नाही, हे तपासणं.

आतून येतात माणसाच्याच सेल्स. पेशंटच्या रक्तातून टी-सेल्स वेगळ्या काढतात. निकामी केलेल्या एका विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक जीन घालतात. मग त्या सेल्स अंगावर एक नवा रिसेप्टर उगवतात, आणि तो सीडी19 नावाचं प्रथिन ओळखतो. काही प्रकारच्या ल्युकेमियात आणि लिम्फोमात कॅन्सरच्या सेल्सवर हेच प्रथिन असतं. सेल्स काही दिवस वाढवायच्या, पिशवीत भरायच्या, गोठवायच्या, त्याच पेशंटला परत द्यायच्या. एक पेशंट, एक बॅच. गोळ्यांच्या कारखान्यात लाखभर गोळ्यांतून वीस उचलून तपासल्या की झालं. इथे लाखभर काही नसतंच. प्रत्येक वेळी सगळ्या चाचण्या पहिल्यापासून.

आजची बॅच 47. बाई की बुवा, गाव कोणतं, तिला माहीत नाही. माहीत असूही नये असाच नियम आहे. नळीवर नंबर आणि बारकोड, बस.

7.30

भिंतीतल्या पास बॉक्समधून नळी आली. दोन मिलिलिटर. दुधाळ पाणी, तळाशी किंचित गढूळ. ‘एवढंच मिळतं,’ ती म्हणाली. ‘जास्त मागितलं तर पेशंटच्या पिशवीतून कमी होतं.’

पहिलं काम मोजणी. नळी तीनदा हलकेच उलटीपालटी केली. जोरात हलवली तर सेल्स फुटतात, नाही हलवली तर तळाशी बसतात आणि मोजणी खोटी येते. दहा मायक्रोलिटर नमुना, त्यात दहा मायक्रोलिटर ट्रिपॅन ब्लू. जिवंत सेल हा निळा रंग आत येऊ देत नाही. मेलेल्या सेलला अडवता येत नाही, ती निळी होते. मिश्रण काचेच्या जाड पट्टीवर सोडलं. पट्टीवर बारीक चौकटी कोरलेल्या. मायक्रोस्कोपखाली सरकवली.

मोजायचं यंत्रही आहे तिथे, ते मिनिटभरात आकडा देतं. पण यंत्राचा आकडा हाताने पडताळायचा असा इथला शिरस्ता. तिच्या डाव्या हातात क्लिकर. जिवंत एका बोटाने, मेलेल्या दुसऱ्याने. चार कोपऱ्यांतल्या चार चौकटी. रेघेवरच्या सेलचं काय? वरच्या आणि डाव्या रेघेवरची धरायची, खालच्या आणि उजव्या रेघेवरची सोडायची. नाहीतर तीच सेल दोनदा मोजली जाते.

जिवंत 212, मेलेल्या 14. सरासरी 53, रंगामुळे दुप्पट, वर दहा हजारांनी गुणायचं. मिलिलिटरला 10 लाख 60 हजार. जिवंत 93.8 टक्के. तिने मला भिंगातून बघू दिलं. गोल, चकचकीत, कडा स्वच्छ. मधूनच एखादी शाईत बुडवल्यासारखी.

मग शेजारच्या टेबलावरची रत्नागिरीची मुलगी आली आणि हिचा आकडा न बघता तिने तेच परत मोजलं. तिचे जिवंत 205. चालतं.

8.50

आता फ्लो. पूर्ण नाव फ्लो सायटोमीटर, पण तेवढं म्हणायला इथे कोणाला सवड नाही. नमुना नळ्यांत वाटला. प्रत्येक नळीत अँटिबॉडी. अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडलेला असतो. ज्या सेलवर आपल्याला हवं ते प्रथिन आहे, तिला ती चिकटते. बर्फावर, अंधारात, अर्धा तास. उजेड लागला की रंग उतरतो, म्हणून नळ्यांवर ॲल्युमिनियमचा कागद. स्वयंपाकघरातलाच, दुकानातून आणलेला.

अँटिबॉडीच्या छोट्या बाटलीत शंभर चाचण्या होतात. काही बाटल्यांची किंमत हिच्या महिन्याच्या पगाराच्या आसपास. पगार हातात 34,200. दहा हजार घरी जातात. बाटली उघडताना ती दोन्ही कोपरं टेबलाला टेकवते, ते मी पाहिलं. तसं उभं राहायला कोणी शिकवलं का म्हणून विचारलं. ‘एकदा दुसऱ्या कोणाच्या हातून सांडलेली बघितली आहे,’ एवढंच म्हणाली.

मधल्या धुण्याला सेंट्रीफ्यूज. पाच मिनिटं. वरचं पाणी ओतून द्यायचं, तळाशी बसलेला पांढरा ठिपका तेवढा राहू द्यायचा. त्या ठिपक्यातच सगळं.

यंत्रात सेल्स एका ओळीत, एकेक करून लेझरसमोरून जातात. पडद्यावर ठिपके पडू लागतात. आधी विरळ, मग ढग. ती माऊसने ढगाभोवती रेघ ओढते. त्याला गेट म्हणतात. रेघ जरा आत ओढली की टक्का घटतो, बाहेर ओढली की वाढतो. म्हणून आधी त्याच पेशंटच्या न बदललेल्या सेल्स चालवायच्या, रिसेप्टर नसलेल्यांचा ढग कुठे पडतो ते बघायचं आणि रेघ तिथे बांधायची. टी-सेल्स 98 टक्के. त्यातल्या नवा रिसेप्टर असलेल्या 41 टक्के. बाकीच्यांत जीन शिरलंच नाही, आणि तसं होतंच. किती टक्के पुरे, ते आधीच कागदावर ठरलेलं आहे. 47 पास.

10.20

कँटीन. चहा 10, वडा 15. वड्याला ती नाक मुरडते. नागपूरकरांना मुंबईच्या वड्याशी काही ना काही भांडण असतंच.

चहावर पैशांचा विषय निघाला. अमेरिकेत अशी पहिली थेरपी 2017च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाली, तेव्हा तिची किंमत 4 लाख 75 हजार डॉलर होती. रुपयांत तीन कोटींच्या वर. भारतात हे काम मुंबईत उभं राहिलं. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत रिसेप्टर घडला, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तो पेशंटपर्यंत नेला. 4 जून 2021ला टाटा मेमोरियलच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात पहिल्या पेशंटला सेल्स दिल्या गेल्या. 2023च्या ऑक्टोबरमध्ये नेक्सकार19 या नावाने मंजुरी मिळाली, आणि 4 एप्रिल 2024ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचं लोकार्पण केलं. किंमत तीस-चाळीस लाखांच्या घरात. पेशंटांवरच्या चाचणीत 64 जण होते. ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला त्यांच्यातल्या 73 टक्क्यांचा कॅन्सर मागे हटला. हे सगळे असे पेशंट की ज्यांच्यावरचे आधीचे उपचार हरले होते.

‘तीस लाख म्हटलं की लोकांना वाटतं कोणीतरी खाऊन राहिलं,’ ती म्हणाली. मग वडा संपवला.

10.45

एंडोटॉक्सिन. काही प्रकारचे जंतू मेले तरी त्यांच्या भिंतीचा एक अंश मागे उरतो. तो शिरेत गेला तर थंडी वाजून ताप येतो, रक्तदाब कोसळतो. तो शोधायची चाचणी एका समुद्री प्राण्याच्या रक्तावर उभी आहे: नालखेकडा, हॉर्सशू क्रॅब. त्याचं रक्त निळं. एंडोटॉक्सिन दिसलं की ते गोठतं. आपल्याकडे हा प्राणी ओडिशाच्या किनाऱ्यावर, बालासोर बाजूला सापडतो. चाचणीतली रसायनं मात्र बहुतेक अमेरिकी खेकड्याच्या रक्तातून केलेली.

एक प्लास्टिकची पट्टी, चार खाचा, प्रत्येक खाचेत 25 मायक्रोलिटर. पंधरा मिनिटं. शिरेतून द्यायच्या औषधाला मर्यादा आहे: वजनाच्या किलोमागे तासाला 5 युनिट. 47 त्याच्या खूप खाली. पट्टी फेकून दिली. पुन्हा वापरता येत नाही. इथे पुन्हा वापरण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. पिपेटची टिप, नळी, हातमोजे, सगळं एकदा. फिल्टरवाल्या 96 टिपांचा डबा सातआठशे रुपयांना पडतो. दुपारपर्यंत तिने दोन डबे रिकामे केले.

11.30

आता कालची बॅच. 46. काल लावलेली तिची एक चाचणी आज बघायची. सगळ्या चाचण्यांत मला ही खरी वाटली. सेल्स जिवंत आहेत, रिसेप्टर उगवलाय, एंडोटॉक्सिन मर्यादेत. ठीक. पण मारतात का?

त्यासाठी शत्रू लागतो. तो इन्क्युबेटरमध्ये वाढवून ठेवलेला असतो, 37 अंशांवर. नाव राजी. 1963मध्ये नायजेरियातल्या 11 वर्षांच्या एका मुलाच्या जबड्यातल्या गाठीतून काढलेल्या सेल्स. तेव्हापासून त्या जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत. मुलाचं पुढे काय झालं, ते कुठल्या बाटलीवर लिहिलेलं नाही. राजीवर सीडी19 भरपूर. तुलनेला दुसऱ्या सेल्स, के562. त्याही कॅन्सरच्याच, पण त्यांच्यावर सीडी19 नाही. चांगल्या बॅचने राजीला मारावं आणि के562ला हात लावू नये. दोन्ही मारल्या तर ती बॅच धोक्याची.

काल दुपारी इडलीपात्रासारख्या 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये दोन्ही बाजू एकत्र सोडल्या होत्या. रात्र त्यांची त्यांनी काढली. आज तिने प्लेट काढली, आधी मायक्रोस्कोपखाली धरली. राजी असलेल्या खळग्यांत टी-सेल्सचे पुंजके. के562च्या खळग्यांत सगळं सुटं सुटं. ‘झालं,’ ती म्हणाली. पण तिचं ‘झालं’ कागदावर चालत नाही. आकडा लागतो. तासाभराने आला: दहा टी-सेल्सना एक शत्रू या प्रमाणात राजी 84 टक्के मेल्या, के562 मात्र 7 टक्के.

प्लेटमधलं पाणी दुसऱ्या चाचणीला. टी-सेल चिडली की इंटरफेरॉन गॅमा सोडते, ते मोजायचं. शेवटच्या पायरीला सगळे खळगे निळे होतात, कमीजास्त. मग वरून ॲसिड. निळ्याचं एका क्षणात पिवळं. ती हे शेकडो वेळा करून बसली आहे, तरी त्या क्षणाला वाकून बघते.

1.20

जेवण. लॉकरमधून फोन काढला. सतरा मेसेज. एक हुडकेश्वरचा. गल्लीतल्या एका काकांनी रिपोर्टचा फोटो पाठवलाय. खाली लिहिलंय: बेटा, तुमच्याकडचं ते इंजेक्शन याला चालेल का?

चक्कीवर येणाऱ्या प्रत्येकाला वडील सांगतात की पोरगी कॅन्सरच्या औषधाच्या कंपनीत आहे. तेव्हापासून असे फोटो येतात. दोन बोटांनी तिने रिपोर्ट मोठा केला. गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर. काकांना ती लहानपणापासून ओळखते. कधीही बघा, गालात खर्रा. तंबाखू, सुपारी, चुना, पन्नीत घोटून. हुडकेश्वर रोडवर टपरी शोधावी लागत नाही.

तिने फोन उलटा ठेवला आणि जवसाची चटणी पोळीवर पसरली. ‘काय सांगू त्यांना?’

मग तिनेच सांगितलं, मला. सीडी19 फक्त बी-सेल्सवर असतं. थेरपीत कॅन्सरच्या बी-सेल्स मरतात, सोबत चांगल्याही मरतात. पण बी-सेल्सवाचून माणूस जगू शकतो. लागलं तर अँटिबॉडी बाहेरून देता येतात. गालाच्या कॅन्सरवर जी प्रथिनं असतात, ती चांगल्या कातडीवर, अन्ननलिकेत, आतड्यातही थोडीफार असतात. तिथे या सेल्स सोडल्या तर त्या कोणाकोणाला मारतील? शिवाय घट्ट गाठीच्या आत शिरणंही त्यांना जड जातं.

म्हणजे ज्या गल्लीतून ती आली, तिथल्या नेहमीच्या कॅन्सरवर तिच्या टेबलावरचं काहीच चालत नाही. हे वाक्य माझं. ती फक्त डबा धुवायला उठली.

2.05

47ची मारण्याची चाचणी लावायची. हूडसमोर बसली ती पावणेपाचलाच उठली. हूड म्हणजे पुढून अर्धी काच असलेलं कपाट, आतून गाळलेली हवा सतत वाहते. हात आत, डोकं बाहेर. पाठ टेकता येत नाही. पिपेटचा दट्ट्या अंगठ्याने दाबायचा, सोडायचा, टिप टाकायची, नवी लावायची. एका प्लेटला किती वेळा ते मोजायला गेलो आणि दोनशेनंतर सोडून दिलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तिला कायमची ठणक आहे. रात्री आयोडेक्स. इथल्या बहुतेकांना आहे म्हणे.

बोलायचं नाही. तोंडातून उडालेला एक थेंब पुरतो. मी स्टुलावर गप्प. हवेची घरघर आणि टिप डब्यात पडल्याचा टक् आवाज, बस.

4.50

कागद. बॅच रेकॉर्ड. वेळ, लॉट नंबर, कोणती पिपेट, तिची शेवटची तपासणी कधी, इन्क्युबेटरचं तापमान, सही. चुकलं तर व्हाइटनर नाही. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, तारीख, कारण. जे लिहिलं नाही ते केलंच नाही, असा इथला कायदा. सेल्सबरोबर जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्मा कागदांबरोबर जातो.

47चे दोन निकाल बाकी. मारण्याचा उद्या. निर्जंतुकतेचा 14 दिवसांनी: नमुना पोषक द्रवात घालून ठेवायचा, रोज उजेडात धरून बघायचा, गढूळ होतो का. पिशवी तोवर द्रव नायट्रोजनच्या टाकीत, उणे दीडशेच्या खाली.

5.40

आवराआवर. वापरलेले द्रव हायपोक्लोराइटमध्ये, प्लास्टिक लाल पिशवीत, रक्त लागलेलं पिवळ्या पिशवीत. हूडची काच 70 टक्के अल्कोहोलने पुसली. राजीच्या बाटल्यांना नवं मीडियम, म्हणजे पोषक द्रव, घातलं, गुलाबी. दर दोन-तीन दिवसांनी घालावंच लागतं, रविवार असो की दिवाळी. मागच्या दिवाळीला पाळी हिची होती. हुडकेश्वरला ती भाऊबीज झाल्यावर पोचली.

6.30

रिक्षा, वीस रुपये. स्टेशनबाहेर मेथीची जुडी 25, अर्धा किलो कांदे 20. चार मजले.

9.10

आईचा फोन. ‘काहून गं, आवाज बसला काय?’ दिवसभर मास्क होता, बाकी काही नाही. मग वडील. ‘ते काका आले होते चक्कीवर. विचारून राहिले होते.’ ‘लिहिते त्यांना,’ ती म्हणाली.

लिहायला तिला वेळ लागला. दोनदा खोडलं. इथे रेघ मारून सही करायची नव्हती. शेवटी गेला तो मेसेज असा:

‘काका, आमचं औषध रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. पण तुमच्यावर इलाज आहे. तुकडोजी चौकातलं कॅन्सर हॉस्पिटल किंवा जामठ्याचं एनसीआय, उद्याच जा. ऑपरेशन सांगितलं तर पुढे ढकलू नका. खर्रा आजपासून बंद.’

पाच मिनिटांनी उत्तर आलं. किती खर्च येईल?

तिने लिहिलं: ‘रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. महात्मा फुले योजनेबद्दल विचारा, योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो, तो फॉर्म भरून देतो.’